कॅमेरा आणि लोहचुंबक

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीं आमच्या हातून एक चूक घडली. ती प्रथम सांगितली म्हणजे हा लेख लिहिण्याचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत येईल.

सभागृहांत रंगीत तालीम चालू होती. इयत्ता नववींतील एका विद्यार्थिनीनें आपल्या वडिलांचा कॅमेरा आणला होता. तिचे वडील लग्नकार्यांत छायाचित्रें काढून संसार चालवितात. शेतकऱ्याच्या घरीं बैलाची जी किंमत, ती त्या घरीं ह्या कॅमेऱ्याची. कॅमेऱ्याच्या तळाशीं तिपाई जोडण्यासाठीं जो पाव इंची आटा असतो, त्यांत तिनें एक वाटोळी जाड चकती बसविली होती. चकतीच्या पोटांत बलवान् लोहचुंबक होता. तिनें ती सभागृहाच्या लोखंडी खांबास टेकवितांच 'खट्ट' असा आवाज झाला, कॅमेरा खांबास चिकटला, आणि जेथें तिपाई ठेवण्यास वीतभरहि जागा नव्हती तेथून सारें रंगपीठ त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत आलें.

आम्ही लगबगीनें पुढें झालों. "अगं, काढ तो आधीं! चुंबकानें कार्डावरचें सारें पुसून जाईल."

मुलगी आज्ञाधारक, तिनें कॅमेरा तत्काळ काढून घेतला. पण काढतां काढतां तिनें विचारलें, "सर, चुंबकानें पुसलें जाईल असें कार्डांत असतें तरी काय?" आम्हीं "पुढें केव्हां तरी सांगूं" म्हणून वेळ मारून नेली. खरी गोष्ट अशी कीं, आम्हांस उत्तर येत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं तिला एका बाकावर उभें राहून छायाचित्रें घ्यावीं लागलीं, आणि त्यांतील निम्म्यांत नाटकाऐवजीं प्रेक्षकांचीं डोकींच उमटलीं.

आमची भीति कोठून आली होती तें नंतर विचार करतां उमगलें. आम्ही विद्यार्थी असतांना, म्हणजे १९९० नंतरच्या दशकांत, शाळेच्या संगणकाच्या खोलींत पातळ चौकोनी फ्लॉपी वापरीत असत. 'चुंबक आंत आणूं नये' असें गुरुजी बजावीत, आणि तें योग्यच होतें. फ्लॉपीवर किंवा गाण्यांच्या कॅसेटवर लोखंडाच्या गंजासारख्या पदार्थाचा थर असतो. त्यांतील सूक्ष्म कण इकडे वा तिकडे तोंड करून चुंबकित झालेले असतात व त्या तोंडांच्या दिशांतच सारा मजकूर सांठविलेला असतो. बाहेरचा चुंबक जवळ आला कीं ते सारे कण एका दिशेस तोंड करितात, आणि मजकूर जातो. फ्लॉपी गेली, पण तिची भीति आमच्या मनांत तशीच राहिली व आम्हीं ती भलत्याच वस्तूस चिकटविली.

आजच्या मेमरी कार्डांत असा थर मुळींच नसतो. ह्या जातीच्या स्मृतीची कल्पना जपानांतील फुजिओ मासुओका ह्यांनीं १९८४ मध्यें मांडली. हींत विजेचा अत्यल्प भार सिलिकॉनवरील अतिसूक्ष्म कोठड्यांत कोंडून ठेवितात आणि सभोंवतीं विजेस दुर्गम असें कवच घालितात. कोठडींत भार किती आहे ह्यावरून तेथें कोणता अंक लिहिला आहे तें वाचितात. तो भार बाहेर काढावयाचा तर विजेचाच दाब द्यावा लागतो. भरून झांकण लावलेल्या रांजणाजवळ चुंबक धरल्यानें आंतील पाणी जसें कमी होत नाहीं, तसाच हा प्रकार. आम्हीं आमच्या जवळील एका जुन्या कार्डावर तीस छायाचित्रें भरून तें कार्ड रात्रभर त्याच चकतीवर ठेविलें. सकाळीं तिसांचीं तीस चित्रें जशींच्या तशीं होतीं.

येथें एक अपवाद सांगणें अवश्य आहे. १९९९ मध्यें आयबीएम कंपनीनें कार्डाच्याच आकाराची, पण आंत खरोखर फिरती चुंबकी चकती असलेली 'मायक्रोड्राइव्ह' नांवाची वस्तु बाजारांत आणली होती. जुन्या कॅमेऱ्याबरोबर ती कोणाच्या घरीं पडून असेल तर तिजपासून चुंबक दूर ठेवावा. तसेंच घरोघरीं छायाचित्रांच्या नकला ज्या हार्ड डिस्कवर ठेवितात, तींतहि चुंबकी चकत्याच असतात. फ्लॉपीइतकी ती हळवी नसते, परंतु मुलांच्या बाळपणाचीं सारीं चित्रें जेथें आहेत तेथें परीक्षा कशास पाहावी?

चित्र उमटविणारा सेन्सरहि सिलिकॉनचाच. प्रकाश पडला कीं त्याच्या लक्षावधि घरांत विजेचे कण सुटे होतात व ते मोजून चित्र तयार होतें. चिकटविण्याच्या चुंबकानें ह्या कामांत व्यत्यय येत नाहीं. ह्याचा सर्वांत चांगला पुरावा कॅमेऱ्याच्या पोटांतच आहे: अलीकडील अनेक कॅमेऱ्यांत हात हलला तरी चित्र स्थिर राहावें म्हणून सेन्सरच हलविण्याची योजना असते, आणि त्याला हलविणारे चुंबक त्याच्या अगदीं शेजारीं बसविलेले असतात. जुन्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात. त्यांचेंहि चुंबक कांहीं बिघडवीत नाहीं.

मग चुंबकापासून कॅमेऱ्यास कांहींच धोका नाहीं काय? आहे, पण तो आम्ही समजत होतों तेथें नाहीं.

छायाचित्र काढणाऱ्या भ्रमणध्वनीचें उदाहरण घेऊं. पुष्कळ भ्रमणध्वनींतील भिंग पक्कें बसविलेलें नसतें. तें नाजूक आधारांवर तरंगत असतें. एक लहानशी तारेची गुंडाळी व एक इवलासा चुंबक मिळून त्यास क्षणोक्षणीं हालवितात, म्हणजे आपला हात कांपला तरी चित्र कांपत नाहीं. भिंग ह्या क्षणीं कोठें आहे हें कळण्यासाठीं तेथें एक चुंबकत्व मोजणारा सेन्सर असतो. एडविन हॉल नांवाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानें १८७९ मध्यें असें दाखवून दिलें होतें कीं, वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला असतां पट्टीच्या दोन कडांत विजेचा किंचित् दाब उत्पन्न होतो. त्याच शोधावर हा सेन्सर चालतो. आतां त्याच्या शेजारीं बाहेरचा दांडगा चुंबक आणला तर काय होईल? आंतल्या चुंबकाची हाक त्या गोंगाटांत ऐकूं येणार नाहीं. भिंग कोठें आहे ह्याचा अंदाज चुकेल. ॲपल कंपनीनें आपल्या आयफोनविषयीं हें स्वतःच सांगितलें आहे: कॅमेऱ्याजवळ चुंबक असल्यास हे सेन्सर गोंधळतात किंवा तात्पुरते निकामी होतात, आणि चुंबक दूर केला कीं पूर्ववत् चालतात. २०२० पासून त्या कंपनीच्या अनेक भ्रमणध्वनींच्या पाठीत चुंबकांचें कडें असतें खरें. पण तें हिशोबानें बसविलेलें असतें, कोणीहि कोठेंहि चिकटविलेल्या चुंबकास हिशोब नसतो. आम्हीं आमच्या भ्रमणध्वनीच्या भिंगाजवळ चकती नेली, तेव्हां पडद्यावरील चित्र दचकल्यासारखें हाललें व अस्पष्ट झालें. चकती दूर नेतांच तें पुन्हां स्वच्छ झालें. ह्यांतील होकायंत्र तर बराच वेळ उत्तरेस पूर्व म्हणत होतें. जुन्या कॅमेऱ्याबरोबर कांट्याचा प्रकाशमापक वापरणारे हौशी लोक अजून आहेत. त्याचा कांटाहि गुंडाळी व चुंबक ह्यांच्याच जोरावर फिरतो, म्हणून तोहि जवळच्या चुंबकानें खोटें बोलूं लागतो.

ह्या सर्वांवर उपाय एकच, आणि तो फुकट मिळतो. तो म्हणजे अंतर. ह्याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलेलें आहे. मुंबईस कुलाबा येथें १८२६ मध्यें वेधशाळा बांधली गेली, व १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेतलीं जाऊं लागलीं. पुढें शहरांतील घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या ट्राम येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहाभोंवतीं चुंबकत्व असतें हें अर्स्टेड ह्या डॅनिश शास्त्रज्ञानें १८२० मध्येंच दाखविलें होतें. तेव्हां ट्रामच्या प्रवाहानें वेधशाळेचीं मापें बिघडणार हें उघड झालें. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस ह्यांनीं वाद घालीत न बसतां नवी जागा शोधली. खाडीपलीकडे अलिबाग येथें लोखंड वर्ज्य करून इमारत उभारली आणि १९०४ पासून दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं मापें घेऊन जुन्या नोंदीशीं नव्या नोंदीची सांगड घातली. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ मध्यें सुरू झाली. अलिबागचें काम आजहि चालू आहे. शाळेची सहल तिकडे गेल्यास समुद्रकिनाऱ्याबरोबर ही वास्तुहि बाहेरून पाहावी.

चुंबकाचा जोर अंतरानें किती झपाट्यानें ओसरतो हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. चुंबकाच्या आकाराच्या मानानें आपण पुरेसे दूर असलों तर अंतर दुप्पट होतांच जोर निम्मा नव्हे, एक अष्टमांश होतो. आपल्या चकतींत असतो तसा, अडीच सेंटिमीटर रुंद व अर्धा सेंटिमीटर जाड असा नुसता चुंबक घेतला, तर दहा सेंटिमीटरांवर त्याचा जोर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें दसपट भरतो. एका विताच्या अंतरावर तो जवळजवळ पृथ्वीइतकाच उरतो. शिवाय चांगल्या चकतींत चुंबक पोलादी वाटींत बसविलेला असतो. वाटी त्याचा जोर एकाच तोंडाकडे वळविते, आणि त्या तोंडापुढें लोखंड आलें म्हणजे बराचसा जोर त्यांतूनच वळसा घेऊन परततो. ह्यावरून एक गमतीची गोष्ट निघते: चकती खांबास चिकटलेली असतांना इतर वस्तूंस जितकी उपद्रवी असते, त्याहून ती पिशवींत सुटी पडलेली असतांना अधिक उपद्रवी असते. तिच्या तोंडावर लोखंडी पत्र्याचा तुकडा बसवून ठेवावी; आणि कांट्याचें घड्याळ, काळी चुंबकी पट्टी असलेलें बँकेचें कार्ड, भ्रमणध्वनि हीं तिच्या कप्प्यांत ठेवूं नयेत.

एवढा अभ्यास झाल्यावर आम्ही मोठ्या समाधानानें वर्गांत गेलों, गेल्या वर्षींची चूक कबूल केली, आणि त्या मुलीस म्हणालों, "यंदा कॅमेरा निर्धास्तपणें खांबास लाव." ही आमची दुसरी चूक.

पालकसभेच्या दिवशीं तिचे वडील भेटले. आम्हीं त्यांस कार्डाची हकीकत ऐकविली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली व म्हणाले, "सर, कार्डाची भीति मला कधींच नव्हती. भीति पडण्याची आहे. मागें एका कार्यालयांत मीं दिवा असाच पत्र्यास लावला होता. चिकटला चांगला, पण खालीं ढोल वाजूं लागले आणि दिवा बोट बोट सरकत खालीं आला. वेळेवर हात लावला म्हणून वांचला. तुम्ही माझ्या कॅमेऱ्याच्या आधीं तेवढ्या वजनाची वाळूची पिशवी लावून पाहा ना."

त्या गृहस्थांनीं पुस्तकें वाचलीं नसतील, पण प्रयोग कसा करावा हें त्यांस आम्हांपेक्षां अधिक कळत होतें. कॅमेऱ्याचें वजन भिंगासह ७०० ग्रॅम भरलें. तेवढी वाळू पिशवींत भरून आम्हीं ती एका दांडीनें चकतीस अशी जोडली कीं, वजनाचा मध्य चकतीच्या तोंडापासून दहा सेंटिमीटरांवर यावा. आणि चकती प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटाच्या दारास लाविली. चकतीच्या खोक्यावर '५ किलो' असें छापलें होतें. संध्याकाळीं सारें ठीक होतें. सकाळीं पिशवी जमिनीवर होती आणि कपाटाच्या रंगावर वरून खालीं एक लांब ओरखडा उमटला होता. रात्रीं शिपायानें शेजारचें दार दोनदां उघडलें-मिटलें, एवढेंच काय तें कारण.

पांच किलोंचा चुंबक पाऊण किलोहि कां धरूं शकला नाहीं? ह्याचीं तीन कारणें ह्याच प्रयोगानें आम्हांस शिकविलीं. खोक्यावरचा आंकडा जाड, स्वच्छ, सपाट लोखंडावरून चुंबक सरळ ओढून काढण्यास किती जोर लागतो तो असतो. आमच्या कपाटाचा पत्रा पातळ, त्यावर रंगाचा थर. पातळ पत्र्यांत चुंबकाचा सारा जोर मावतच नाहीं, आणि रंगाच्या जाडीएवढी फटहि त्यास नडते. ताणकाट्यानें सरळ ओढून पाहिलें तेव्हां पांचाच्या जागीं अडीच किलोंच्या आसपासच चकती सुटली.

दुसरें कारण घर्षणाचें. उभ्या पृष्ठभागावर वजन चकतीस ओढून काढीत नाहीं, तर खालीं घसरवितें. आणि घसरण्यास अडविणारें घर्षण हें चिकटण्याच्या जोराचा एक लहानसा अंशच असतें. गुळगुळीत रंगावर आमची चकती ताणकाट्याच्या पाऊण किलोस खालीं सरकूं लागली. म्हणजे ७०० ग्रॅम वजन काठावरच होतें. किंचित् हादरा पुरला. तोंडास रबर लावलेल्या चकत्या मिळतात. त्यांचा सरळ ओढीचा जोर थोडा कमी, परंतु घसरण्यास त्या अधिक विरोध करितात. उभ्या खांबास लावावयाची तर तीच घ्यावी.

तिसरें कारण तरफेचें, व विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. चकतीचा व्यास ६ सेंटिमीटर धरूं. कॅमेरा पुढें लोंबत असल्यामुळें चकती खालच्या कडेच्या टेकूवर वरून उलटूं पाहते. वजनाचा भुज १० सेंटिमीटर. चुंबकाची ओढ चकतीच्या मध्यांतून, म्हणजे तिचा भुज ३ सेंटिमीटर. ७०० ग्रॅमांस १० नें गुणून ३ नें भागिलें कीं २,३३३ ग्रॅम येतात. म्हणजे पाऊण किलोहून कमी वजनाचा कॅमेरा नुसता उलटूं नये एवढ्यासाठीं सव्वादोन किलोंहून अधिक ओढ हवी. आणि आमच्या दारावर ती जेमतेम अडीच किलो होती. लांब भिंग लावून अथवा दांडी जोडून भुज दुप्पट केला तर मागणीहि दुप्पट होते. त्याच चकतीस जाड तुळईच्या खालच्या अंगास लावून कॅमेरा सरळ खालीं टांगला तर भुजाचें भांडण उरत नाहीं, आणि तुळईच्या वरच्या सपाट अंगावर बसविला तर कॅमेऱ्याचें वजनच चुंबकास साह्य करितें.

लोखंड समजून जेथें चकती लावूं जावें तें लोखंड नसणेंहि संभवतें. ॲल्युमिनियमच्या चौकटीस ती चिकटणार नाहीं. स्टीलच्या कठड्यास कधीं घट्ट, कधीं नाममात्र चिकटते, कारण त्या धातूच्या सर्व जाती सारख्या नसतात. कॅमेरा जोडण्यापूर्वीं रिकामी चकती लावून पाहणें हा साधा नियम आहे. उन्हाळ्यांत मोटारीच्या टपावर ती लावूं नये. तापलेला पत्रा हातास चटका देतो, आणि ह्या जातीचे सामान्य चुंबक ८० अंशांपलीकडे तापले तर त्यांचा जोर कायमचा घटतो. कोंकणांतील विद्यार्थ्यांसाठीं आणखी एक गोष्ट: रत्नागिरीकडील किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूंत चुंबकास चिकटणारे लोहकण असतात. चकती तेथें खालीं ठेवलीत कीं तिला क्षणांत मिशा फुटतील, आणि ते कण पुसतां पुसत नाहींत. तेच हात भिंगास लागले तर भिंगावर ओरखडे पडतील.

पालकांस दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कॅमेऱ्याहून मोलाच्या वस्तू घरांत आहेत. हे नवे चुंबक निओडिमियम, लोखंड व बोरॉन ह्यांचे बनविलेले असतात. ते १९८० नंतरच्या चार-पांच वर्षांत जपान व अमेरिका येथें निघाले. ते दिसावयास लहान असले तरी दोन चुंबक एकमेकांकडे झेपावतात तेव्हां मधें आलेलें बोट चेंगरतें, आणि ते ठिसूळ असल्यामुळें आपटून त्यांच्या कपच्या उडतात. लहान मुलानें असे दोन चुंबक गिळले तर आंतड्याच्या दोन पदरांतून ते एकमेकांस ओढितात व आंतड्यास भोंक पडूं शकतें. अशा वेळीं क्षणभरहि न थांबतां रुग्णालय गांठावें. घरांतील आजोबांच्या हृदयास पेसमेकर बसविलेला असेल तर चकती त्यांच्या छातीजवळ नेऊं नये. ॲपल कंपनी आपल्या चुंबकी भ्रमणध्वनीविषयीं १५ सेंटिमीटरांहून अधिक अंतर राखावयास सांगते. आमच्या मतें हातभर राखावें.

यंदाच्या संमेलनांत त्या मुलीनें कॅमेरा खांबास लाविला नाहीं. सज्जाखालच्या जाड लोखंडी तुळईच्या वरच्या सपाट अंगावर तिनें तो बसविला. तिचे वडील तालमीच्या दिवशीं स्वतः आले, चकतीची बाजू फडक्यानें पुसली, आणि एक आंखूड पण मजबूत दोरी तुळईभोंवतीं घालून तिचें दुसरें टोंक कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीस बांधिलें. तें चकतीस बांधिलें नाहीं, कारण आटा सैल झाला तर चकती वर राहील आणि कॅमेरा खालीं येईल. दोरी आंखूड कां, असें एका मुलानें विचारलें. लांब दोरीवर कॅमेरा पडला तर हिसका बसून दोरी तरी तुटेल किंवा कडी तरी, असें त्यांनीं सांगितलें. आम्हीं तें वहींत टिपून घेतलें.

नाटकांत ढोल वाजले तेव्हां आमचें लक्ष रंगपीठाकडे नव्हतें. ह्या अंकाच्या आरंभीं दिलेलें चित्र तिनें त्याच जागेवरून काढिलेलें आहे. डाव्या कोपऱ्यांत जी अस्पष्ट काळी रेघ दिसते ती दोरीची.